उलटे गुण

चौदा वाक्यं होती, त्यातली सहा उलटी.
म्हणजे पाचाला एक मोजायचा, एकाला पाच.
हे मुलांना सांगायचं नसतं.
तब्रीझच्या त्या गार प्रयोगशाळेत मीही सांगितलं नाही.

वाक्यं इंग्रजीतून आली.
मी ती फारसीत आणली, वहिनीनं तिच्या परीनं आणली,
आणि मूळ न पाहिलेल्या एका गृहस्थाला
तासावर पैसे देऊन
आम्ही ती परत इंग्रजीत धाडली.
'अडचणींनी मी खचत नाही' हे वाक्य
जाऊन आलं तेव्हा म्हणत होतं:
'भिंती माझ्या अंगावर पडत नाहीत.'
त्या एका भिंतीवर तीन बैठका झाल्या,
समोवार दोनदा भरावा लागला.

चिकाटीला फारसीत पुश्तकार म्हणतात.
पुश्त म्हणजे पाठ. कार म्हणजे काम.
दंतवैद्यकाच्या मुलांना फोड करून सांगावं लागत नाही,
दुपारी चारला बघाव्यात त्यांच्या पाठी,
रबरी गालांच्या बाहुल्यांवर वाकलेल्या.
सोलमाझ मेणाची दाढ सहाव्यांदा वितळवते
कारण एक उंचवटा पाव मिलिमीटर चुकला.
डॉक्टर खियावी बोलत नाहीत.
दाढ बोटांत फिरवतात, खाली ठेवतात.
पुरतं तेवढं.

आधी दहाजणांना मोठ्यानं वाचायला लावलं.
कुठे अडखळता, काय कळत नाही, सांगा.
ओख्ताय म्हणाला, कळतं सगळं, खानुम,
पण घरी आम्ही तुर्की बोलतो.
चिडतो तुर्कीत, हटून बसतो तुर्कीत.
तुम्ही हे परीक्षेच्या भाषेत विचारलंत,
मग आम्ही पण परीक्षेसारखीच उत्तरं देणार ना?
मी वहीत लिहिलं: 'भाषा सुबोध.'
माझी आई अजून मला तुर्कीतच रागावते.

दोनशे अकरा फॉर्म आले. नावं नाहीत,
फक्त खूण: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, बुटाचा नंबर.
'ग, सदतीस' असलेल्या फॉर्मवर
नवव्या वाक्यापाशी,
'हाती घेतलेलं काम माझ्याकडून अर्ध्यावर सुटतं',
समासात पेन्सिलीनं, तुर्कीत:
दातांचं विचारताय, की घरचं?

माझा भाऊ यावर याच कॉलेजातून
तिसऱ्या वर्षी निघून गेला.
वडिलांच्या किडन्या गेल्या होत्या, आणि दुकान कुणीतरी उघडायचं होतं.
एकोणीस वर्षं झाली. बर्फ असो नसो,
सहाला शटर वर.
आक्रोड, मनुका, भाजलेले चणे.
नववं वाक्य त्याला विचारलं तर
तो खरं तेच सांगेल,
आणि मी त्याचे गुण उलटे मोजीन.

पंधरा दिवसांनी तेच फॉर्म, तीच मुलं.
माणूस तोच असेल तर आकडा फारसा हलू नये.
'ग, सदतीस'नं या वेळी समास कोरा ठेवला,
नवव्यापुढे मात्र दोन गोल केले,
एक एकाला, एक पाचाला.
दोन उत्तरं म्हणजे उत्तर नाही, नियमच आहे तसा.

तेहरानहून संख्याशास्त्रज्ञांचा फोन:
नववं कशालाच धरून नाही, लोंबकळतंय,
काढून टाका, अल्फा सुधारेल.
मी टाकलं.
अल्फा सुधारला.
चिकाटीची मोजपट्टी
एक वाक्य अर्ध्यावर सोडल्यावर
विश्वासार्ह ठरली. तेरा वाक्यांची.

समासातली पेन्सिल कुठल्याच रकान्यात बसली नाही.
फॉर्म पाच वर्षं कपाटात ठेवायचे असतात,
तिथे ती आहे.
आणि मी, प्रयोगशाळेत रांगांमधून फिरताना,
कोरलेल्या दाढा बघायच्या सोडून
हल्ली मुलांच्या बुटांकडे बघते.